रोजचा दीड जीबी सकाळी अकरालाच खल्लास, डेटा सेव्हर लावूनसुद्धा! फोनला काय झालंय?

देवगडची_पेटी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, मी देवगडजवळच्या एका गावातून लिहितेय. आमची हापूसची छोटी बाग आहे आणि गेली तीन वर्षं पेट्यांच्या ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअपवरच घेते. घरात वायफाय नाही, केबलवाला दोन वर्षं झाली 'पुढच्या महिन्यात पोल टाकतो' म्हणतोय, तो पुढचा महिना काय उगवत नाही. तर सगळं मोबाईल डेटावर. प्लॅन रोजचा १.५ जीबीचा, २८ दिवसांचा.

बागेत रेंज नाही म्हणून ऑर्डरीचा फोन घरी ओटीवर ठेवते, बाबा कॉल आला तर नाव-नंबर वहीत लिहून घेतात. मी सकाळी साडेसातला बागेत जाते ते अकराला येते, बागेत माझ्याकडे साधा बटणाचा फोन. आणि अकराला येऊन बघते तर कंपनीचा मेसेज, तुमचा १०० टक्के डेटा वापरून झाला!! अहो कोणी वापरला? गेले आठ दिवस हेच चाललंय. काल पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने पाच पेट्यांचे पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकला तो माझ्याकडे उघडेचना, गोल गोल फिरत बसला, तासाभराने त्यांचा फोन की ताई तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे काय समजायचं. ऐन सीझनला हे परवडत नाही हो.

काय काय करून झालं ते सांगते म्हणजे परत तेच सांगू नका. यूट्यूब १४४ वर ठेवलंय. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वायफायवर. फेसबुकचा बॅकग्राउंड डेटा बंद. भाचीने टाकलेले दोन गेम उडवले. डेटा सेव्हरही लावला. आणि गंमत म्हणजे हा डेटा सेव्हर आपोआप बंद होतो! दोनदा सकाळी लावून गेले, आल्यावर बघते तर बंद. फोनला भूत लागलंय का व्हायरस आलाय? दुकानात नेऊन फॉरमॅट मारू का?

वडापाव_सावंतवाडी | सोमवार, रात्री ९:५८

५जी बंद करून ४जी वर ठेवा, ५जी डेटा खातं. माझा प्रॉब्लेम तिथेच सुटला.

गजाली_नि_सोलकढी | सोमवार, रात्री १०:१५

गो बाय, डेटा सेव्हर आपसून बंद जायत नाय. भूत-बीत काय नाय ता. घरात कोणतरी हात लायता असतलो. आमच्या घरात माझो नातू असोच करी, गेम खेळूक व्हयो म्हणान. पयला घरातल्यांका इचार, मगे फोनाक दोष दी. आमच्याकडे तर पावसात लाईट गेली काय मागसून टॉवर पण जाता, मगे दीड जीबी तसोच्या तसो उरता, तुका व्हयो तर घेवन जा 😄

देवगडची_पेटी | सोमवार, रात्री १०:२२

काका 😄 घरात आई आणि बाबा दोघंच. आईला फोन नुसता कानाला लावता येतो आणि बाबांना वहीत नंबर लिहिण्यापलीकडे त्यातलं काही कळत नाही, सेटिंग कुठलं उघडतायत ते.

मिरकरवाडा_ट्रॉलर | सोमवार, रात्री ११:०५

ताई तुमचं नेमकं काय ते माहीत नाही पण माझ्या फोनचं कारण व्हॉट्सअप निघालेलं. आम्ही रात्रभर समुद्रात, बाहेर गेलं की रेंज खलास, पहाटे रत्नागिरीचं बंदर जवळ आलं की फोनला रेंज मिळते आणि मग दीडशे-दोनशे मेसेज एकदम धाडधाड येऊन पडतात, त्यात कोणाला सुरमई मिळाली त्याचा व्हिडिओ, कोणाच्या पोराच्या वाढदिवसाचा व्हिडिओ, आणि गुड मॉर्निंग. बर्फाचे पैसे द्यायच्या आधी डेटा अर्धा.

व्हॉट्सअपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मीडिया ऑटो डाउनलोड', तिथे मोबाईल डेटाच्या खाली फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट चारही टिक काढून टाका. मग फोटो धुरकट दिसतो, पाहिजे त्याच्यावर बोट लावलं की तेवढाच येतो. व्हॉइस मेसेज मात्र तरीही आपोआप उतरतात, पण ते हलके असतात. तिथेच 'यूज लेस डेटा फॉर कॉल्स' पण आहे, ते चालू करा. आणि चॅट बॅकअपमध्ये जाऊन बघा, मोबाईल डेटावर बॅकअप चालू असेल तर बंद करा आणि व्हिडिओ बॅकअपमधून काढा, माझा रोज पहाटे तो बॅकअप चालायचा आणि मला पत्ताच नाही.

वाऱ्याचा अंदाज बघायला काही जास्त डेटा लागत नाही, मी धक्क्यावरून निघताना उघडतो, स्क्रीनशॉट मारून ठेवतो. जीपीएसला तर डेटा लागतच नाही, लोकांना वाटतं लागतो.

दुरुस्तीवाला_कणकवली | मंगळवार, सकाळी ८:३०

माझं मोबाईलचं दुकान आहे, असे रोज दोन-तीन फोन येतात. आधी एक, फॉरमॅट मारू नका. फॉरमॅट मारलात की सगळे अॅप परत उतरवायला जो डेटा जाईल त्यात तुमचे दोन दिवस जातील, वर ऑर्डरीचे चॅट गेले तर रडायची पाळी.

दुसरं, वडापाव भाऊ, ५जी स्वतः डेटा खात नाही. एक एमबीचा फोटो ४जी वरही एक एमबीचाच असतो. होतं काय की स्पीड मिळाला की यूट्यूब, इन्स्टा, फेसबुक 'ऑटो'वर असतील तर आपोआप वरच्या क्वालिटीचा व्हिडिओ ओढतात. गावात रेंज रडत असते तेव्हा ऑटो म्हणजे २४०, तोच माणूस कणकवलीत हायवेला येऊन उभा राहिला की ऑटो म्हणजे १०८०. म्हणून लोक म्हणतात बाजारात आलो की डेटा संपतो. तुमचं ४जी ला आणून सुटलं कारण स्पीड कमी झाला. क्वालिटी हाताने ठरवलीत तर ५जी खुशाल चालू ठेवा.

आता ताई तुमचं. तुम्ही सगळे उपाय केलेत पण खातंय कोण हेच बघितलेलं दिसत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा सिम कार्डच्या आत 'डेटा युसेज' असतं, त्यात 'अॅप डेटा युसेज'. तिथे कोणी किती खाल्लं त्याची यादी येते, सगळ्यात हावरा वर. बऱ्याच फोनात ती महिन्याची असते, त्यामुळे आजचं कळत नाही. त्यासाठी डेटा सायकलची तारीख बदलून उद्याची करा, म्हणजे यादी उद्यापासून नव्याने मोजायला लागेल. उद्या अकराला बागेतून आलात की यादी उघडा आणि इथे टाका. अगदी तळापर्यंत बघा, अॅप नसलेल्या गोष्टीही त्यात असतात.

आयफोनवाली_चिपळूण | मंगळवार, दुपारी १२:४०

आयफोन असेल कोणाकडे तर 'लो डेटा मोड' लावा, आणि मोबाईल डेटाच्या पानावर अगदी खाली 'वायफाय असिस्ट' असतं ते बंद करा. वायफाय रडायला लागलं की ते गुपचूप मोबाईल डेटावर जातं. माझ्या ऑफिसचं वायफाय असलं की... असो.

देवगडची_पेटी | बुधवार, सकाळी ११:२५

दुरुस्तीवाले दादा, ही घ्या यादी, आज सकाळपासूनची:

व्हॉट्सअप ११८ एमबी
यूट्यूब ४१ एमबी
गूगल प्ले सर्व्हिसेस २६ एमबी
क्रोम १९ एमबी
आणि सगळ्यात वर, हॉटस्पॉट अँड टिदरिंग १.२४ जीबी!!!

मी आयुष्यात या फोनचा हॉटस्पॉट लावलेला नाही. मला तो कुठे असतो ते पण शोधावं लागेल. आजही डेटा सेव्हर बंद सापडला. शेजारचं घर शंभर पावलांवर आहे आणि मधे काजूची झाडं, त्यांना कसा लागेल हॉटस्पॉट?

दुरुस्तीवाला_कणकवली | बुधवार, सकाळी ११:५०

सापडला की चोर 🙂 बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट लागतच नाही, खाली लिहून येतं की आधी डेटा सेव्हर बंद करा. म्हणजे तुमचा डेटा सेव्हर आपोआप बंद होत नाहीये, हॉटस्पॉट लावण्यासाठी कोणीतरी तो रोज बंद करतंय. गजालीवाले काका पहिल्या दिवशीच बरोबर बोलले.

घरात स्मार्ट टीव्ही आहे का?

चाकरमानी_डोंबिवली | बुधवार, दुपारी १:३०

टीव्ही नसेल तर लॅपटॉप बघा. मी शिमग्याला गावी गेलेलो, पालखी आमच्या वाडीत यायला वेळ होता म्हणून वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन लॅपटॉप उघडला, म्हटलं दोन मेल पाठवतो. दोनच मेल पाठवले. तेवढ्यात विंडोजने स्वतःचा अपडेट ओढायला घेतला, त्याच्या मागून ऑफिसचे फोल्डर क्लाउडवर चढायला लागले, अर्ध्या तासात वहिनीचा दिवसाचा डेटा साफ. वहिनी अजून ऐकवते.

लॅपटॉपला कळतच नाही की हे वायफाय कोणाच्या तरी रिचार्जमधून आलंय. त्याच्या लेखी वायफाय म्हणजे फुकट. त्यामुळे ते सगळं 'फक्त वायफायवर' ठेवलेलं काम हॉटस्पॉट दिसला की सुरू होतं. विंडोजमध्ये त्या वायफायच्या नावावर क्लिक करून 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की बरंच आवरतं. दोन अँड्रॉइड फोन एकमेकांना हॉटस्पॉट देतात तेव्हा ते आपसात ओळखतात बहुतेक वेळा, पण टीव्ही आणि लॅपटॉपकडून ती अपेक्षा ठेवू नका. गणपतीला येणाऱ्या सगळ्या भाऊबंदांना हे आधीच सांगून ठेवा, पासवर्ड देण्याच्या आधी.

देवगडची_पेटी | बुधवार, रात्री ८:१५

काय सांगू तुम्हाला. टीव्ही आहे. दिवाळीत दादाने मुंबईहून आणलेला, ३२ इंची, आणि शिमग्याला आला तेव्हा बाबांना शिकवून गेला म्हणे. मला दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

बाबांना विचारलं, बाबा हॉटस्पॉट तुम्ही लावता? तर म्हणतात, 'माका हॉटस्पॉट-बिटस्पॉट काय म्हायत नाय. मी फक्त ता गोल चिन्ह दाबतंय, दादान दाखवल्यान ता. आणि ता दाबला नाय गेला तर आधी ता दुसरा चिन्ह दाबूचा, मगे ह्या दाबूचा.' म्हणजे डेटा सेव्हर बंद करून मग हॉटस्पॉट, क्रम एकदम पाठ!! आणि मी तुम्हाला सांगत होते की त्यांना काही कळत नाही.

बघतात काय तर डबलबारी, दोन भजनी बुवांचा सामना. मी बागेत गेले की टीव्ही सुरू, भजनाची एकेक बारी किती लांबते माहितीये ना, आणि दहाला आई पेज घेऊन येईपर्यंत बाबा खुर्चीत झोपलेले असतात, टीव्ही एकामागून एक बारी लावतच जातो. आई म्हणते माका वाटला आवाज असलो तर त्यांका झोप लागता. म्हणजे निम्मा डेटा कोणी बघतच नव्हतं!

आता बंद करा असं सांगवत नाही हो. बाबा स्वतः चाळीस वर्षं पखवाज वाजवायचे, गुडघ्यामुळे आता देवळात जाणं होत नाही. यातून काही मधला मार्ग?

गजाली_नि_सोलकढी | बुधवार, रात्री ८:३२

सांगलंय मा? 😄 बापाशीक ओरडा नको गो. पखवाजवालो माणूस, बारी ऐकल्याशिवाय जीव रमाचो नाय.

दुरुस्तीवाला_कणकवली | बुधवार, रात्री ९:१०

मार्ग आहे. आधी समजून घ्या की तुम्ही फोनच्या यूट्यूबला १४४ लावलंत ते फक्त फोनला लागू. टीव्हीचं यूट्यूब वेगळं, ते ऑटोवर असतं आणि मोठा पडदा बघून फुल एचडी ओढतं. ढोबळ हिशोब सांगतो, १४४ ला तासाला शंभर एमबीच्या आत, ४८० ला तीनशे ते पाचशे एमबी, आणि १०८० ला दीड जीबी आणि वर. तुमच्याकडे साडेतीन तासांत १.२४ जीबीच गेलाय म्हणजे रेंजने तुम्हाला वाचवलंय, नाहीतर नऊलाच संपला असता.

टीव्हीवर व्हिडिओ चालू असताना गियरच्या चिन्हात क्वालिटी असते, तिथे ४८० निवडा. पण पुढचा व्हिडिओ लागला की ते परत ऑटोवर जाऊ शकतं, त्यामुळे बाबांच्या भरवशावर ते सोडू नका. टीव्हीच्या यूट्यूबच्या सेटिंगमधला 'ऑटोप्ले' आधी बंद करा. एक बारी संपली की थांबलं पाहिजे, तुमचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

दुसरं, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये काही फोनात डेटाची मर्यादा घालता येते, ५०० एमबी झाले की हॉटस्पॉट आपोआप बंद. तुमच्या फोनात आहे का बघा.

तिसरं, मला हे सगळ्यात आवडतं. हॉटस्पॉट लावूच नका. फोनचा स्क्रीन टीव्हीवर दाखवा, स्क्रीन कास्ट किंवा मिररिंग असं काहीतरी नाव असतं, सॅमसंगमध्ये 'स्मार्ट व्ह्यू'. यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि व्हिडिओ फोनवरच चालतो म्हणजे फोनची क्वालिटी लागू. फक्त यूट्यूबमधलं ते कोपऱ्यातलं कास्टचं बटण दाबू नका, त्यात टीव्ही परत स्वतःच इंटरनेटवरून ओढायला लागतो. तोटा एकच, मिररिंग चालू असताना ऑर्डरीचा मेसेज पण ३२ इंचावर दिसणार.

आणि डेटा सेव्हर परत लावाल तेव्हा व्हॉट्सअपला त्यातून सूट द्या, 'अनरिस्ट्रिक्टेड डेटा'च्या यादीत टाका. नाहीतर अॅप उघडेपर्यंत ऑर्डरी उशिरा दिसतील आणि तुम्ही परत इथे याल.

मास्तर_दापोली | गुरुवार, सकाळी ७:०५

उशिरा आलो. दोन गोष्टी सांगतो, बाकी वरच्यांनी सांगितलंच आहे.

रोजच्या प्लॅनचा डेटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो आणि आजचा उरलेला वाया जातो. आता तुमचा डेटा उरायला लागेल. तर रात्री सव्वाअकराच्या सुमारास, जे काही उरलं असेल त्यातून उद्याची एक बारी फोनच्या यूट्यूबमध्ये डाउनलोड करून ठेवा. सगळ्या व्हिडिओंना ते बटण नसतं, पण ज्यांना असतं त्यांची यादी करून ठेवा. सेटिंगमध्ये 'फक्त वायफायवर डाउनलोड' असेल तर ते काढावं लागेल. सकाळी तीच बारी मिररिंगने टीव्हीवर. मी असेच शाळेतल्या मुलांसाठी व्हिडिओ नेतो, आमच्या शाळेत रेंज फक्त घंटेच्या खांबाजवळ मिळते.

दुसरं, डेटा संपल्यावर नेट बंद होत नाही, बहुतेक प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी. १ एमबीचा स्क्रीनशॉट यायला दोन मिनिटांच्या वर लागणार, तेही बाकी कोणी त्यात तोंड घातलं नाही तर. पण नुसती अक्षरं त्यातून आरामात जातात. त्यामुळे गिऱ्हाईकांना सांगा की स्क्रीनशॉट नको, रक्कम आणि नाव नुसतं टाईप करा. आणि पैसे आले की नाही ते बँकेच्या एसएमएसवर बघा, त्याला डेटा लागत नाही आणि स्क्रीनशॉट काय, खोटा पण करता येतो. अगदीच अडलं तर *९९# वरून खात्यात किती आहेत ते बघता येतं, बटणाच्या फोनवरूनसुद्धा, म्हणजे बागेतून येताना रेंज लागली की तिथूनच. फक्त सिमचा नंबर बँकेत नोंदवलेला पाहिजे.

मिरकरवाडा_ट्रॉलर | गुरुवार, सकाळी ९:४८

मास्तर हे ९९ वालं माहीत नव्हतं, आज धक्क्यावर करून बघितलं, चाललं.

देवगडची_पेटी | पुढचा मंगळवार, रात्री ९:२०

आधी थँक्यू सगळ्यांना. सहा दिवस झाले, अकराला येऊन बघते तर साधारण चारशे एमबी गेलेले असतात, म्हणजे दुपारच्या ऑर्डरींना सगळा डेटा मोकळा. व्हॉट्सअपचं ऑटो डाउनलोड बंद केलंय, त्यानेच तीस-चाळीस एमबी वाचतात रोज. ऑटोप्ले बंद केला. हॉटस्पॉटचा पासवर्ड बदललाय आणि तो दादाला सांगितलेला नाही 😄

मिररिंगला पहिले दोन दिवस वैताग आला, टीव्हीला फोन सापडायचाच नाही, मग कळलं की टीव्हीवर पण ते पान उघडून ठेवावं लागतं. पैसे आल्याचा एसएमएस बघायची सवय लावली, पुणेवाल्यांनी परत तीन पेट्या घेतल्या.

बाबांचं काय झालं तर मी आधी १४४ वरच लावून दिलं, म्हटलं भजन तर ऐकायचंय. पाच मिनिटांत हाक, 'गो, पखवाजवाल्याचो डावो हात दिसत नाय, नुसतो ढग दिसता. धुमावर थाप खय मारता ता कळाक नको?' मग ४८० केलं. आता पुढे सरकून बसतात, एका बारीनंतर टीव्ही थांबला की मला हाक मारत नाहीत, मांडीवरच बोटं चालू असतात.

गजाली_नि_सोलकढी | पुढचा मंगळवार, रात्री ९:४१

त्यांका सांग, कणकवलीसून एक म्हातारो इचारता, कोणाची बारी बघतत ती. माझ्याकडे आज डेटा उरलोसा.